नेहमीची काळजी

"आंघोळ स्वतःची स्वतः करता का, आजी?"

फोन स्पीकरवर होता. ओसरीत उपड्या घातलेल्या घमेल्यावर तो ठेवला होता आणि मावशी शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पलीकडची मुलगी गोड आवाजाची, न कंटाळणारी. लातूरच्या ज्या दवाखान्यात मावशी आयसीयूत होती, तिथल्या एका अभ्यासासाठी ती ठरलेल्या दिवशी फोन करते. "करते की," मावशी म्हणाली. कपडे? "नेसते की बाई." जिना चढता येतो का, आधार लागतो का? मावशीनं माझ्याकडं बघितलं. घराला जिना नाही. माळवद उतरवून वर पत्रे टाकले तेव्हा शिडीसुद्धा गेली. "चढते की," मावशी म्हणाली. बाजारातून सामान आणता का? हा प्रश्न तर तिला चाळीस वर्षांपूर्वी विचारला असता तरी उत्तर 'नाही'च आलं असतं. औशाचा बाजार आमच्या घरात बाप्यांनीच केला. तरी तेही 'होय' झालं. मग मुलीनं विचारलं, आजच्या दिवसाला तुमच्या तब्येतीला शून्य ते शंभरमध्ये किती मार्क द्याल? मावशीनं थोडा विचार केला. "पस्तीस द्या. पास होण्यापुरते." मुलगी खळखळून हसली, आम्हीही हसलो. आणि शेवटी तिनं विचारलं, "घरी काही व्यायाम करता का, आजी? कुणी शिकवलाय का?" शेंगेवरचा मावशीचा अंगठा थांबला. "न्हाई बाई. व्यायाम कशाचा आलाय. बसून असते."

हे धडधडीत खोटं होतं. तिच्या डोक्यामागच्या भिंतीला खळीनं चिकटवलेला कागद होता. त्यावर खुर्चीवरून उठणाऱ्या माणसाची चित्रं होती, आणि रोज सकाळी चहा व्हायच्या आत मावशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. बाकीची उत्तरं तिनं पोरीचं मन राखायला दिली, ते मी समजू शकत होतो. आपल्याकडं कुणी तब्येत विचारली की बरं आहे म्हणायचं असतं. पण या 'न्हाई बाई'नं परतीच्या बसमध्ये मला काही सुधरू दिलं नाही.

अभ्यास कशाचा, तर आयसीयूतून वाचून घरी गेलेल्या माणसांना घरच्या घरी व्यायाम शिकवला तर ती लवकर हिंडती-फिरती होतात का, याचा. निम्म्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट येणार, फोनवर पाठपुरावा करणार. उरलेल्यांना 'नेहमीची काळजी'. कोण कुठं, हे डॉक्टर ठरवत नाही, कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. तो अभ्यासाशी संबंध नसलेला हवा, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा सही करून गेला. मावशीला त्यातलं चिठ्ठीचं चटकन कळलं; ती बायकांची भिशी चालवायची. आणि तिची चिठ्ठी 'नेहमीची काळजी'वर निघाली तेव्हा ती जे म्हणाली तेही भिशीच्याच हिशेबानं: "भिशीत आज न्हाई तर उद्या नंबर लागतोच की. ह्यात लागतच न्हाई म्हणं."

मावसभाऊ चिडला होता. डॉक्टरलाच माहीत नाही काय बरं, तर सही कशाला घेतली, हा त्याचा मुद्दा. मी त्याला सांगत राहिलो की माहीत नाही म्हणूनच चिठ्ठ्या. माहीत असतं तर निम्म्यांना न देणं पाप झालं असतं. त्याला ते पटलं नाही. आपल्याला 'माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर चालत नाही. आपण त्याला सोडून पुढच्या गल्लीतल्या 'शंभर टक्के गॅरंटी'वाल्याकडं जातो.

खरं तर मावशी त्या आयसीयूतून बाहेर आली तीच मुळी दुसऱ्या कुणाकुणाच्या चिठ्ठ्यांवर. तिची छाती आधीपासूनच धरलेली. जन्म गेला पळाट्या आणि तुराट्यांच्या धुरात. गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच लागायची घरात. फुंकायची तपासणी कधी कुणी केलीच नाही, त्यामुळं कागदावर तिला फुप्फुसाचा जुना आजार नाही, नुसता 'खोकला' आहे. पौषातल्या थंडीत न्यूमोनिया झाला, दोन्ही फुप्फुसं भरली, व्हेंटिलेटर लागला. पहिल्याच रात्री सिस्टर टेप घेऊन आली आणि तिनं मावशीची डोक्यापासून टाचेपर्यंत लांबी मोजली. मावसभाऊ काचेतून बघत होता. तो भिंतीला धरून खाली बसला. "माप कशाला घ्यायलेत रे?" आपल्याकडं आडव्या माणसाचं माप कशासाठी घेतात ते त्याच्या डोळ्यापुढं आलं, कळकाच्या दोन काठ्या आणि सुतळीसकट. मला डॉक्टरनं नंतर समजावलं. मशीननं एका श्वासाला किती हवा द्यायची ते माणसाच्या चालू वजनावरून नाही, उंचीवरून ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. मावशीसाठी आकडा आला २६० मिली. मावसभावाला वाटलं, मशीन हवा कमी देतंय, पैसे भरले नाहीत म्हणून. पूर्वी खरंच दुप्पट द्यायचे. मग अमेरिकेत ८६१ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून पाहिलं, आणि २००० साली निकाल छापून आला: जास्त हवेच्या गटात ३९.८ टक्के दगावले, कमी हवेच्या गटात ३१. भरपूर हवा देऊन इतकी वर्षं सुजलेली फुप्फुसं आणखी फाडली जात होती, आणि देणाऱ्यांना वाटायचं आपण मदत करतोय.

तिला पालथंही घातलं होतं. दिवसातले सोळा-सोळा तास, नळ्यांसकट, चार-पाच जणांनी मिळून उलटं करायचं. पालथं केलं की पाठीकडचा मिटलेला भाग उघडतो. ही युक्ती जुनीच, पण तिचा उपयोग नक्की कुणाला आणि किती वेळ केला तर, हे २०१३ मध्ये मुख्यतः फ्रान्समधल्या ४६६ रुग्णांच्या अभ्यासानं दाखवलं. उताणं ठेवलेल्यांत महिन्याभरात साधारण ३३ टक्के गेले, पालथं घातलेल्यांत १६. मावशीच्या लेखी त्या सोळा तासांचा हिशेब वेगळा आहे. छताला मुंग्या लागल्या होत्या, मुंग्यांची दिंडी झाली होती आणि दिंडीतली माणसं तिला तुळशीचं पाणी देत नव्हती, असं ती आजही सांगते. सांगताना हसते, पण रात्री दिवा मालवू देत नाही.

अशा वेळी मला आमचे मिरजेचे आजोबा आठवतात. वडिलांचे चुलते. मी त्यांना पाहिलं नाही. घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं की रझाकाराच्या साली त्यांना क्षयानं धरलं आणि मिरजेला नेलं. लातूरहून बार्शी लाइटची छोटी गाडी निघायची ती बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत पार मिरजेला जायची. वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये त्यांना काय दिलं? खाट, दूध, अंडी, उघडी हवा आणि पडून राहण्याचा हुकूम. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, ही बातमी त्यांना खाटेवरच कळली म्हणतात. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ३० ऑक्टोबरला, लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख आला. क्षयाच्या १०७ रुग्णांना बंद पाकिटातल्या चिठ्ठ्यांनी दोन गटांत वाटलं होतं. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणातली विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ गेले, दुसऱ्यातले १४. औषध युद्धानंतरच्या टंचाईतलं, सगळ्यांना पुरणारं नव्हतंच. वाटायचंच आहे तर ओळखीपाळखीनं वाटण्यापेक्षा चिठ्ठीनं वाटावं, म्हणजे काही शिकायला तरी मिळेल, असा ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाचा विचार. आमचे आजोबा कुठल्याच पाकिटात नव्हते. पण त्यांना मिळालं ते नेमकं त्या बावन्न जणांना मिळालं तेच. नेहमीची काळजी. ती गाडी त्यांना परत घेऊन आली नाही.

त्या बावन्न जणांना तर आपण कुठल्या अभ्यासात आहोत हेही सांगितलं नव्हतं. मावशीच्या अंगठ्याला साक्षीदार लागला, एवढा काळ बदलला. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. पाच वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा विचारपूस केली, तर दोन गटांतलं अंतर बरंचसं बुजलेलं होतं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू सरावले होते. म्हणजे सहा महिन्यांनी विचारलं तर एक उत्तर, पाच वर्षांनी विचारलं तर दुसरं, आणि खोटं दोन्हीही नाही. त्यातूनच दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत बसली. पुढं १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासानं दाखवलं की गोळ्या नीट मिळाल्या तर शहरातल्या दाटीवाटीच्या घरात राहूनही क्षयरोगी सॅनिटोरियमइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना त्यानं जास्त धोकाही होत नाही. वडील हे ऐकून म्हणाले होते, मग उगीच नेलं म्हणायचं मिरजेला.

आणि २०२१. ते मी थोडक्यातच सांगणार आहे, कारण त्याबद्दल बोलायला बसलं की आमच्या घरात अजून भांडण होतं. एप्रिलमध्ये मावशीचे यजमान, आमचे काका, ऑक्सिजनवर होते. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली: प्लाझ्मा आणा. मावसभाऊ आणि मी मोटरसायकलवर, चाळीसच्या वर ऊन, कोरोना होऊन गेलेला आणि रक्तगट जुळणारा माणूस हुडकत. एका गावात एक जण कबूल झाला आणि त्याच्या बायकोनं आम्हाला दारातनंच हाकललं. बरोबरच होतं तिचं. शेवटी मिळाला, दिला, काका चौथ्या दिवशी गेले. नंतर कळलं की आयसीएमआरनं देशातल्या ३९ दवाखान्यांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा तपासून पाहिला होता आणि त्यानं ना आजार वाढायचा थांबतो, ना मृत्यू टळतो, हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आला होता. आम्ही ज्या उन्हात हिंडत होतो त्याच्या सहा महिने आधी. सरकारी नियमावलीतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ च्या मध्यावर. आणि ज्याचा उपयोग सिद्ध झाला होता ते डेक्सामेथासोन काही रुपयांचं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या अभ्यासानं सांगितलं होतं की व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू त्यानं तिसऱ्या हिश्शानं कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्शानं. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र उपयोग नाही. स्वस्त औषधासाठी कुणी पळत नाही. धावपळीला महाग वस्तू लागते.

त्यामुळं चिठ्ठ्यांवर माझा राग नाही. उलट मी त्यांच्याच बाजूचा. म्हणून तर मावशीचं खोटं मला टोचत होतं.

जगली-वाचली हे मोजणं सोपं आहे, त्यात कुणी मनधरणीचं उत्तर देऊ शकत नाही. बरं होणं मोजायला माणसाला विचारावं लागतं. मावशी घरी आली तेव्हा बांगड्या मनगटात राहत नव्हत्या, कोपराकडं जायच्या. गळ्यावर नळी घातल्याची खूण, ती पदरानं झाकायची. आवाज घोगरा. हाताच्या नखांवर आडवी खाच पडली होती, सगळ्या नखांवर एका ओळीत, आजारात नख वाढायचं थांबलेलं असतं त्याची, ती खाच महिन्यामहिन्यानं पुढं सरकत गेली आणि मावशी ती मला दाखवायची, "बग, इथवर आलाय आजार." टोरांटोच्या डॉक्टरांनी असेच वाचलेले १०९ रुग्ण वर्षभर पाहिले, २००३ साली ते लिहिलं: फुप्फुसं बऱ्यापैकी सावरतात, हातापायांतली ताकद येत नाही. पाच वर्षांनीसुद्धा पूर्ण आली नव्हती. मावशीच्या भाषेत सांगायचं तर भाकरी थापायला बसता येतं, पण उठता येत नाही. उकिडवं बसणं आमच्याकडं निम्मं आयुष्य आहे. चूल, मोरी, निंदण, परसाकडं जाणं. फोनवरच्या प्रश्नांत ते नव्हतंच. जिना होता.

व्यायामाचा उपयोग होतो का? दीर्घकाळच्या दम्यासारख्या आजारात, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्यात तर वादच उरलेला नाही. २०१५ पर्यंत ६५ चाचण्या आणि ३८२२ रुग्ण तपासून झाले होते आणि आता पुन्हा हाच प्रश्न विचारू नका असं तज्ज्ञांनी म्हणून टाकलं. आयसीयूनंतरचं मात्र अवघड आहे. २००९ मध्ये अमेरिकेत व्हेंटिलेटरवर असतानाच लवकर हालचाल करायला लावलेल्यांपैकी ५९ टक्के स्वतःचं स्वतः करू लागले, इतरांपैकी ३५. मग २०२२ मध्ये ७५० रुग्णांवर ती हालचाल आणखी वाढवून पाहिली, तर फायदा नाही, त्रासच जरा जास्त. स्कॉटलंडमध्ये २४० रुग्णांना वॉर्डात जादा व्यायाम दिला. चालण्याफिरण्यात फरक पडला नाही, पण माणसं जास्त समाधानी होती. यातलं एक मला खुपतं. स्कॉटलंडमधल्या 'नेहमीच्या काळजी'त फिजिओथेरपिस्ट आधीपासूनच असतो. जादा देऊन फरक कसा दिसणार? औसा तालुक्यात नेहमीची काळजी म्हणजे डिस्चार्ज कार्डावरची पुढची तारीख. एवढीच. म्हणून हा अभ्यास इथं व्हायला हवा होता असं मला वाटतं, आणि म्हणूनच मावशीची चिठ्ठी तिकडं निघाली याचं वाईटही वाटतं. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला इलाज नाही.

तर भिंतीवरचा कागद. वॉर्डात शेजारी निलंग्याकडची एक बाई होती, मावशीपेक्षा थोडी धाकटी. दोघींची सुट्टी पाठोपाठ झाली. तिची चिठ्ठी व्यायामाची निघाली. मावसभावानं जाताना तिच्या मुलाचा नंबर घेतला होता. तिच्या घरी फिजिओथेरपिस्ट येऊन गेला की संध्याकाळी कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर, मागून तिच्या मुलानं काढलेला व्हिडिओ: बाई खुर्चीवरून उठतेय, मागून आवाज येतो, "श्वास सोडत उठा, धरून ठेवू नका." मावसभाऊ औशाला जाऊन प्रिंट काढतो. मावशी करते. आणि विचारल्यावर 'न्हाई बाई' म्हणते, कारण खरं सांगितलं तर त्या निलंग्याच्या बाईचं नाव कटेल असं तिला वाटतं. "तिनं माझ्यावर उपकार केले आन् मी तिची चुगली करू व्हय?"

मी तिला समजवायला बसलो. म्हटलं, मावशी, अभ्यासात ज्याची चिठ्ठी ज्या गटात, त्याची गणती त्याच गटात होते, मग त्यानं घरी काहीही केलेलं असो. आता तू दुसऱ्या गटात राहून व्यायाम करणार आणि चांगली होणार. त्यांना दिसणार, व्यायाम न शिकवलेली बाईसुद्धा हिंडायला लागली. म्हणजे तू जितकी बरी होशील, तितका तो व्यायाम बिनकामाचा ठरेल. मग पुढं कुणालाच तो शिकवायला माणूस मिळणार नाही. मावशीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मग मी आजारी राहू का त्यांच्यासाठी?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. संख्याशास्त्रवाले म्हणतील, थोडी अशी सरमिसळ धरूनच रुग्ण जास्त घेतात. ते खरंच आहे. पण मला राहून राहून त्या व्हिडिओचं वाटतं. जे दवाखान्याला मोजूनमापून पोचवायचं होतं ते दोन पोरांनी व्हॉट्सॲपवर फुकटात पोचवलं, आणि अभ्यासाच्या वहीत ती गडबड म्हणून लिहिली जाणार.

शेवटी मावसभावानंच फोन केला. मी सांगितलं म्हणून नाही. त्याला भीती होती की पुढच्या वेळी मावशी पकडली जाईल आणि तपासणीची फुकट तारीखही जाईल. त्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकलं. रागावली नाही. म्हणाली, आम्ही याची नोंद करून ठेवतो, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. कुणाचंही नाव कटत नाही, आजींचंही नाही आणि त्या दुसऱ्या आजींचंही नाही. आणि म्हणाली, असं करणारे तुम्ही एकटेच नाही. मावसभाऊ एकदम हलका झाला. मावशीनं त्याच्या हातातनं फोन ओढला आणि विचारलं, "आता खरं सांगितलं की बाई. मग माझ्याकडं बी तो माणूस पाठवाल का?"

मुलगी जराशी थांबली. "अभ्यास संपेपर्यंत नाही पाठवता येत, आजी."

"बरं," मावशी म्हणाली. फोन ठेवला आणि लेकाला सांगितलं, निलंग्याला फोन लाव. पुढच्या महिन्याचा कागद आला असेल तर पाठव म्हणावं.